गावात नाटकाची संस्था काढायची म्हणता, तर हे वाचा

नाटकाची संस्था काढायचीय म्हणून पोरं भेटायला येतात तेव्हा पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा लोगोचा. मी म्हणतो बाबांनो जरा थांबा, आधी एक एकांकिका बसवा. दीड-दोन महिने रोज संध्याकाळी कोण येतंय, कोण तिसऱ्या दिवशी गायब होतंय, कोण स्वतःचा रोल नसताना पण येऊन सतरंज्या झटकतंय ते बघा, त्यातूनच तुमचे सात जण निघतील. सात कामून, तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली अर्ज करायला कमीत कमी सात सभासद लागतात.

नोंदणीचं काम जिल्ह्याच्या गावी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात होतं. आपल्याकडं महाराष्ट्रात सोसायटी म्हणून संस्थेची नोंद झाली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली पण नोंद करावी लागते, म्हणजे सर्टिफिकेटं दोन. अवघड काही नाही, पण घटना, म्हणजे संस्थेची नियमावली, मात्र दुसऱ्या संस्थेची झेरॉक्स मारून देऊ नका. आम्ही तेच केलं. त्यात कोरम, म्हणजे सभेला कमीत कमी किती जण हजर पाहिजेत ते, दोन तृतीयांश लिहिलेला होता, कुणी वाचला नाही, आणि चार वर्षांत निम्मे जण पुण्याला नोकरीला गेल्यावर आमची सभाच भरेना. मराठवाड्यात माणसं जाणारच हे धरूनच घटना लिहा. जिगीषा ही नाट्यसंस्था औरंगाबादेत उभी राहिली, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी तिथलेच, पुढं मुंबई गाठली आणि केवढं काम केलं. चांगलं शिकवलं की माणूस उडणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, फक्त मागचं पोरगं तयार ठेवा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादायच्या ऑफिसात बदल अर्ज टाका, हे राहून गेलं की जुन्याच लोकांची नावं कागदावर चालू राहतात आणि बँकेत सहीला अडतं.

आता पैसा. संस्था मोडते ती नाटक पडल्यामुळं नाही, हिशोबामुळं मोडते, हे मी डोळ्यानं बघितलंय. खातं दोन सह्यांचं ठेवा, ३१ मार्चला वर्ष संपलं की ऑडिट करून घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक प्रयोगानंतर आठ दिवसांच्या आत तालमीच्या जागेवर सगळ्यांसमोर वही मोठ्यानं वाचा. एकदा आमच्या वहीत टेम्पोचे १८०० लिहिलेले होते आणि बॅकस्टेज करणाऱ्या एका लेकरानं विचारलं, टेम्पो तर दीड हजारात ठरला होता ना दादा? तीनशे हमालीचे होते, वेगळे लिहायचे राहिले होते, दोन मिनिटांत विषय संपला. त्यानं तिथं विचारलं नसतं तर महिनाभर चहाच्या टपरीवर कुजबुज चालली असती आणि खजिनदार सोडून गेला असता.

देणगीसाठी आयकराच्या, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला सूट) म्हणतात त्या नोंदण्या सीएकडून करून घ्या, पण त्याच्यावर फार विसंबू नका. देणाऱ्याला सूट जुन्या करप्रणालीतच मिळते आणि रोख दिले तर २००० च्या वर सूट नाही. आपल्याकडं लोक वस्तूनं जास्त देतात, मंडपवाला खुर्च्या देतो, मोंढ्यातला अडत्या जेवणाचं बघतो, फोटोवाला फ्लेक्स करून देतो. ते पण वहीत नावासकट लिहा, आणि प्रयोगाच्या आधी स्टेजवरून नाव घ्या, त्यांच्या घरचे पुढच्या रांगेत बसलेले असतात.

तालमीला जिल्हा परिषद शाळेचा हॉल सगळ्यात बरा, मंगल कार्यालय लग्नसराईत मिळत नाही. वेळापत्रक शेताकडं बघून करा. सोयाबीनच्या काढणीत कुणी येणार नाही आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी घरं गाव सोडतात, म्हणून राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं असंल तर वाचन पोळ्याच्या आधीच उरकून ठेवा. फरशीवर टेप लावून स्टेजचं माप काढा. परभणीच्या बी. रघुनाथ सभागृहात किंवा नांदेडच्या कुसुम सभागृहात प्रयोग असंल तर आधी जाऊन स्वतः पावलं मोजून या, नाहीतर तालमीत सहा पावलांत दारापाशी जाणारी नाटकातली आई तिथं दहा पावलं चालते आणि वाक्य आधीच संपून जातं.

पोरींचं वेगळं सांगतो. फोनवर विचारू नका, घरी जा, आईशी बोला, तालीम किती वाजता सुटणार आणि घरी कोण सोडणार ते सांगा आणि एक दिवस पण चुकू नका. आमच्याकडं एक मावशी पहिले आठ दिवस लेकीबरोबर नुसत्या बसायला यायच्या, नवव्या दिवशी त्यांनीच म्हातारीचा रोल वाचला, आणि असा वाचला की आम्ही पुढं कुणाला विचारलंच नाही.

संहिता दुसऱ्याची असंल तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन, लेखक गेल्यावर पण ६० वर्षं हक्क वारसांकडं असतो. नवीन संहिता असंल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र वेळेत मागवा. मैदानावर प्रयोग असंल तर पोलिसांची स्पीकरची परवानगी, आणि रात्री १० ला स्पीकर बंद करावाच लागतो, म्हणून तिसरी घंटा साडेसातला द्या, पाहुण्यांची भाषणं नाटकानंतर. जनरेटर सांगूनच ठेवा.

आणि नाटक आपल्या बोलीत करा. पैठणच्या नाथांच्या भारुडावर, तुळजाभवानीच्या गोंधळावर वाढलेला प्रेक्षक आहे हा, त्याला समोरचा माणूस आपल्यासारखा बोलायला लागला की तो उठून जात नाही.

प्रयोग झाला की त्याच रात्री, कितीही थकलेले असा, शाळेचा हॉल झाडा, खिळे उपसा, टेप काढा, बाकं होती तशी लावा आणि सकाळी शाळा भरायच्या आधी किल्ली हेडमास्तरांच्या हातात द्या.