रोज पटकथा लिहायची असेल, तर या चुका टाळा

रोज पटकथा लिहिण्याचा संकल्प सहसा नवव्या-दहाव्या दिवशी मोडतो, असा माझा अनुभव आहे आणि तो मी चार वेळा घेतला आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी करून उरलेल्या वेळात लिहिणारा मी माणूस. चारही वेळा मी दोष आळसाला दिला. पाचव्या वेळी मात्र जुन्या वहीतल्या तारखा नीट पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की संकल्प मोडण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस मी ठरल्या वेळी टेबलाशी बसलो होतो, पाऊण तास बसून होतो आणि एकही ओळ न लिहिता उठलो होतो. बसण्याची सवय लागली होती. बसल्यावर काय लिहायचे, हेच ठरलेले नसे.

पटकथेत ही अडचण अधिक जाचते. डायरी लिहिणाऱ्याला एक वाक्य दुसऱ्याकडे नेते. पटकथेत सीन कुठे घडतो, त्यात कोण आहे, कोणाला काय हवे आहे आणि सीन संपताना कोणती गोष्ट बदललेली असेल, एवढे ठाऊक नसेल तर ‘आतले, स्वयंपाकघर, रात्र’ या मथळ्यापुढे हात सरकत नाही. रोजच्या लिखाणात होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

सवय घड्याळाला बांधणे

पहाटे पाचला उठून लिहायचे, हा सर्वांचा आवडता निश्चय. नोकरदार माणसाच्या हातून तो सर्वांत लवकर निसटतो. माझा एक मित्र अंबडच्या कारखान्यात पाळीवर आहे. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे पहाटे पाच ही वेळ कधी घराबाहेर पडण्याच्या गडबडीची असते, कधी गाढ झोपेची, तर कधी मशीनपुढे उभे राहण्याची. त्याने वेळेचा नाद सोडला आणि घरी आल्यावर डबा घासून पालथा घातला की वही उघडायची, असे ठरवले. डबा सकाळी घासला जावो की मध्यरात्री, त्यानंतरची कृती ठरलेली. आपल्या दिवसात रोज न चुकता घडणारी अशी एखादी गोष्ट शोधून लिखाण तिला जोडावे; ती घड्याळापेक्षा भरवशाची असते.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हा हिशेबही मनातून काढून टाकावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक आढळला. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारख्या साध्या कृतींची ही गोष्ट आहे. सीन लिहिणे त्याहून कितीतरी अवघड. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला तीच अधिक उपयोगी वाटते: मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपण नेमके उलटे करतो. एक दिवस बुडाला की साखळी तुटली म्हणून सगळे सोडून देतो आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेची वाट पाहतो.

चिठ्ठीशिवाय बसणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि हिच्यावर मी थोडा वेळ घालवणार आहे. पटकथेचे काम दोन प्रकारचे असते: सीन शोधणे आणि सीन लिहिणे. पहिले काम चालताना, गाडी चालवताना, भाजी निवडताना होते. दुसऱ्यासाठी टेबल लागते. टेबलाशी बसून पहिले काम करू पाहणारा माणूस दहा मिनिटांत मोबाइल उचलतो, आणि त्यात त्याच्या चारित्र्याचा काही दोष नसतो.

म्हणून आजचे लिखाण थांबवताना उद्याची चिठ्ठी लिहून ठेवावी. त्यात सीनचा क्रमांक, जागा, वेळ, एक कृती आणि एक प्रश्न एवढेच असावे. माझी सध्याची पटकथा निफाडकडच्या एका द्राक्ष बागाईतदाराच्या घरात घडते. एका रात्री मी लिहिलेली चिठ्ठी अशी होती: ‘सीन ३१. द्राक्षबाग, दुपार. माल काढून झाल्यावर व्यापारी भाव पाडतो. आप्पा भरलेल्या गाडीतून एक क्रेट खाली उतरवतात. ते पुन्हा चढवतात का?’

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘आप्पा आणि व्यापारी यांचे भांडण’ एवढेच लिहिले असते, तर दुसऱ्या दिवशी मी भांडणाचे संवाद लिहीत बसलो असतो, आणि तसले संवाद आपण सगळ्यांनीच शेकड्याने ऐकलेले आहेत. प्रश्नामुळे दिवसभर डोके कामाला लागले. माल तर काढून झालेला आहे, तो ठेवायला शीतगृह नाही, उन्हात दोन तासांत घडांचा तजेला जातो. म्हणजे आप्पांना क्रेट परत चढवावेच लागणार. मग ते किती उतरवल्यावर थांबतात? एक, की तीन? आणि थांबवते कोण?

दुसऱ्या रात्री पहिल्या झटक्यात कागदावर उतरले ते असे: ‘भाव ऐकून आप्पा मनातून खचतात. त्यांना गेल्या वर्षीचे सोसायटीचे कर्ज आठवते. मुलीच्या लग्नाचे आता कसे होणार, या विचाराने ते अस्वस्थ होतात.’ वाचायला यात काही वाईट नाही, पण कॅमेऱ्यासाठी तीन ओळींत एकही गोष्ट नाही. खचणे, आठवणे आणि विचार करणे यांपैकी काहीच टिपता येत नाही. ही पटकथेतली अगदी नेहमीची चूक, आणि रोज लिहिणाऱ्याच्या हातून ती दमलेल्या दिवशी हमखास होते. वाक्यातली अशी क्रियापदे अधोरेखित करावीत आणि त्यांच्या जागी दिसणारी किंवा ऐकू येणारी गोष्ट आणावी. दुरुस्त केलेला मजकूर असा झाला: ‘आप्पा गाडीतून एक क्रेट उतरवून खाली ठेवतात. मग दुसरे. मजूर हात थांबवून बघत राहतात. व्यापारी मोबाइलमधून मान वर काढत नाही. आप्पा तिसऱ्या क्रेटला हात घालतात, एवढ्यात बांधावर चहाची किटली घेऊन मुलगी उभी दिसते. ते तिसरे क्रेट सोडून देतात, खाली ठेवलेले पहिले उचलतात आणि पुन्हा गाडीत चढवतात. मुलगी: किती कप आणू, आप्पा?’

या सीनला सव्वा तास लागला. चिठ्ठी नसती तर तो सव्वा तास ‘आज काही सुचत नाही’ या सदरात जमा झाला असता.

जुन्या लेखकांची एक सवय इथे उपयोगी पडते: सीन पूर्ण संपवून उठायचे नाही. शेवटचे दोन-तीन संवाद ठाऊक असताना थांबावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसताक्षणी ते लिहून हात चालू होतो. मला मात्र हे अर्धेच जमते. डोक्यात तयार संवाद ठेवून झोप लागत नाही.

पाने मोजणे

‘पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट’ हा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. तो इंग्रजीत, कुरियर नावाच्या टंकात, बारा पॉइंट आकारात, ठरावीक समास सोडून टंकलेल्या पानाचा आहे. देवनागरीत मात्रा-वेलांट्या-उकारांमुळे ओळीला उंची अधिक लागते आणि टंक बदलला की पानावरच्या ओळी बदलतात, त्यामुळे मराठी मजकुराला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय चार ओळींतली मिरवणूक पडद्यावर दोन मिनिटे चालते आणि पानभर खटकेबाज संवाद चाळीस सेकंदांत संपतात. लांबी पाहायचीच असेल तर मोबाइलमधले स्टॉपवॉच लावून, कृतींसाठी योग्य तेवढे थांबत, सीन मोठ्याने वाचावा.

रोजचे माप म्हणूनही पान फसवे आहे. ‘रोज तीन पाने’ ठरवले की माणूस संवाद वाढवतो, कारण संवादाने पान भराभर भरते. त्यापेक्षा सीन हे माप बरे. दोन तासांच्या चित्रपटात साधारणपणे साठ ते शंभर सीन असतात. दोन दिवसांत एक सीन झाला तरी ऐंशी सीनचा पहिला खर्डा १६० दिवसांत हाती येतो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली होती. त्या महिन्यात रोज येऊन कुंडीकडे पाहणाऱ्याला तिथे काही घडते आहे असे वाटलेही नसेल.

टंकाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगून टाकतो. माझा एक पूर्ण खर्डा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होता; मुंबईत ज्यांना पाठवला त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता आणि त्यांना नुसती चिन्हांची खिचडी दिसली. तेव्हापासून युनिकोडमध्येच लिहितो आणि पाठवताना पीडीएफ करतो. पटकथेचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, यावर याहून अधिक वेळ घालवू नये. तो शोधही लिखाण टाळण्याचाच एक सुशिक्षित प्रकार आहे.

रोज पहिल्या सीनपासून वाचत येणे

माझ्या एका जुन्या पटकथेचा पहिला सीन अकरा वेळा लिहिलेला आहे आणि मध्यंतर एकदाही आलेले नाही. रोज आरंभापासून वाचत आले की आरंभच सुधारत राहतो, आणि वेळ संपल्यावर काम केल्याचे समाधानही मिळते. यावर उपाय असा की मागचा एकच सीन वाचायचा आणि पुढे जायचे. मागचे काही बदलावेसे वाटले तर वेगळ्या पानावर नोंद करावी आणि तो बदल झालेलाच आहे असे धरून पुढे लिहावे. चाळिसाव्या सीनला मुलीचे लग्न आधीच मोडलेले आहे असे ठरले, तर एकेचाळिसाव्यापासून ती तशीच वागेल. मागचे चाळीस सीन दुसऱ्या खर्ड्यात दुरुस्त होतील.

गोष्ट सांगून संपवणे

रविवारी सकाळी मिसळ खाता खाता चार मित्रांना गोष्ट ऐकवली, त्यांनी वाहवा केली आणि रस्सा संपेपर्यंत लिहिण्याची गरजही संपली, असे माझ्या दोन कथाबीजांचे झाले आहे. पहिला खर्डा होईपर्यंत तोंड बंद ठेवावे. त्यानंतर मात्र अवश्य ऐकवावे, आणि कौतुकाकडे लक्ष न देता ऐकणाऱ्याचा हात मोबाइलकडे कोणत्या सीनला गेला, तेवढे टिपावे.

कोरडा दिवस आणि मोठा खंड

चिठ्ठी असूनही सीन हलत नाही, असे दिवस येतात. अशा वेळी बहुधा पात्राला काय हवे हेच चुकीचे ठरलेले असते. तेव्हा सीन दुसऱ्या पात्राच्या बाजूने पाच ओळींत लिहून पाहावा. वरच्या सीनमध्ये मी व्यापाऱ्याच्या बाजूने लिहिले, तेव्हा तो मोबाइलमध्ये आपल्याच थकलेल्या देण्यांचे निरोप वाचत आहे हे सापडले. तेही जमले नाही तर जुन्या सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, अर्धा तास बसावे. सटाण्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांची अहिराणी, निफाड-येवल्याकडचा बोलण्याचा ढंग आणि कॉलेज रोडच्या मुलांची मराठी एका बाकावर ऐकायला मिळते. ऐकलेली पाच वाक्ये वहीत उतरवली तर तो दिवस लिखाणाचाच धरावा. सगळी पात्रे लेखकासारखीच बोलतात, या तक्रारीवर मला यापेक्षा स्वस्त औषध सापडलेले नाही.

खंड तर पडणारच. बागाईतदाराचा तो काढणीच्या दिवसांत पडतो, माझा मार्चअखेरीला. खंडानंतर पहिल्याच दिवशी नवा सीन लिहायला बसणे ही चूक आहे, कारण गोष्टीचा सूर हरवलेला असतो आणि लिहिलेले दुसऱ्याच कोणाचे तरी वाटते. पहिल्या दिवशी सीनची एकेक ओळीची यादी, म्हणजे वनलाइन, मोठ्याने वाचावी. दुसऱ्या दिवशी शेवटचे दोन सीन हाताने उतरवून काढावेत. पात्रांचे आवाज परत येतात. तिसऱ्या दिवशी फक्त चिठ्ठी लिहावी आणि उठावे. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी लिहिलेली चिठ्ठी होती: ‘सीन ५२. घराचे अंगण, रात्र. रिकामे क्रेट परत येतात. मोजल्यावर एक कमी भरते. आप्पा कोणाला विचारतात?’ चौथ्या दिवशी लिहायला बसलो तेव्हा आप्पांनी कोणालाच विचारले नाही. ते कंदील घेऊन बांधाकडे निघाले होते.