झेडपी-महापालिकेच्या शाळेत मूल आहे? मग शाळा व्यवस्थापन समितीत शिरायचं कसं आणि तिथे करायचं काय

झेडपी किंवा महापालिकेच्या शाळेत मुलाला घातलं की बऱ्याच आईबाबांचा शाळेशी संबंध दोनदाच येतो, एकदा अ‍ॅडमिशनला आणि एकदा झेंडावंदनाला. मधे काही झालं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. सर बदलून गेले, दोन वर्गांना मिळून एकच मॅडम, नळाला पाणी नाही, गणवेश अजून आला नाही, हे सगळं ग्रुपवर येतं, दहा जण अंगठा टाकतात, दोघं लाल तोंडाचा इमोजी टाकतात आणि मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर येतो आणि विषय वर सरकून जातो. कायद्याने पालकांसाठी शाळेत एक खुर्ची ठेवलेली आहे, शाळा व्यवस्थापन समितीची, आणि ती बहुतेक ठिकाणी कागदावर भरलेली पण प्रत्यक्षात रिकामी असते. तिथे जाऊन कसं बसायचं ते सांगतो.

१) आधी शाळा कोणाची ते बघा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मधे ही समिती आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या शाळांत समितीला खरे अधिकार आहेत. खाजगी अनुदानित शाळेत समिती असते पण ती फक्त सल्ला देऊ शकते, २०१२ च्या दुरुस्तीने तसं झालं. आणि पूर्ण विनाअनुदानित शाळेला ही समिती लागूच नाही, तिथे पालक-शिक्षक संघ आणि फी नियमन कायदा, तो वेगळाच विषय आहे, इथे नको.

शाळेचा ११ आकडी यू-डायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मुख्याध्यापकांकडून घेऊन ठेवा. त्या नंबरवर यू-डायस प्लसच्या साईटवर शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं, त्यात किती शिक्षक, किती खोल्या, शौचालय चालू की बंद, पाणी आहे की नाही हे सगळं शाळेनेच भरलेलं असतं. आता गंमत बघा, शाळेत जाऊन नळ उघडायचा आणि मग मोबाईलवर रिपोर्ट कार्ड उघडायचं, पाण्याच्या रकान्यात "हो" आणि नळात हवा. पहिल्या मिटींगला विषय मिळाला.

२) समितीत नाव कसं लागतं

समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच पाहिजेत आणि एकूण निम्म्या बायका पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. उरलेल्यांत ग्रामपंचायत किंवा पालिकेचा प्रतिनिधी, शिक्षकांचा प्रतिनिधी, शिक्षणातला एखादा जाणकार. अध्यक्ष पालकांतूनच होतो. मुख्याध्यापक सचिव असतात, अध्यक्ष नाही, हे लक्षात ठेवा कारण बऱ्याच शाळांत सगळा कारभार उलटाच चाललेला असतो. मुदत दोन वर्षांची.

निवड होते पालक सभेत. म्हणून शाळा उघडली की जूनमधेच जाऊन विचारायचं, सध्याची समिती कधी झाली आणि मुदत कधी संपते. यादी मागा. यादीत हमखास एकदोन नावं अशी निघतात ज्यांचं पोरगं कधीच पास होऊन हायस्कूलला गेलं, तरी साहेब अजून पालक सदस्य आहेत. ती जागा रिकामी धरून नवीन पालक घ्यायला हवा, तसं तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सभेला एकटं जाऊ नका. गावातला कुणी वजनदार माणूस "ह्यांना करा अध्यक्ष" म्हणतो आणि टाळ्या वाजतात, अशी निवड पाच मिनिटांत उरकते. त्याच वर्गातल्या चारपाच आया मिळून आधी ठरवून गेल्या, एकीने नाव सुचवलं, दुसरीने अनुमोदन दिलं, की टाळ्यांच्या आधी नावं फळ्यावर लिहावी लागतात. आणि सभेची वेळ हा खरा कळीचा मुद्दा आहे हो. मंगळवारी सकाळी अकराला सभा ठेवली तर मजुरीवर जाणारी बाई येणार कशी, तिची दिवसाची मजुरी बुडते. मग नंतर "पालक येतच नाहीत" म्हणायचं. वेळ संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवशीची मागा, ही मागणी करायला सदस्य असावं लागत नाही.

३) पहिल्या मिटींगच्या आधी तीन कागद वाचा

पहिला, मागच्या वर्षभराच्या मिटींगांचं प्रोसिडिंग, म्हणजे मिटींगमधे काय ठरलं ते लिहिलेलं रजिस्टर. दुसरा, शाळा विकास आराखडा. हा समितीनेच करायचा असतो, तीन वर्षांचा, वर्षावर्षाचे भाग पाडून, आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत तयार पाहिजे. अनेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचाच तारीख बदलून पुढे ढकलतात. तिसरा, अनुदानाचा हिशोब. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान, म्हणजे किरकोळ खर्चासाठीचे एकत्र पैसे, येतं, ते पटावर ठरतं, म्हणजे ३० पर्यंत मुलं असली तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, त्यापुढे १००० पर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख, अशी मर्यादा आहे. हातात येतं ते कधी हप्त्याने, कधी कमी, कधी मार्चच्या तोंडावर, म्हणून "आमचे पन्नास हजार कुठे गेले" म्हणून मुख्याध्यापकांवर धावून जाऊ नका, आधी विचारा यावर्षी प्रत्यक्षात किती आले आणि पासबुक बघा. बघायचा हक्क आहे, अनुदान कसं वापरलं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं कायद्यात लिहिलेलं काम आहे.

गणवेशाचंही तसंच. २०२४-२५ मधे "एक राज्य एक गणवेश" म्हणून वरून खरेदी झाली, कुठे मापं चुकली, कुठे निम्मं वर्ष गेलं तरी कपडे आले नाहीत, मग ते काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. म्हणजे कापड कुठलं, कोण शिवणार, हे आता समितीच्या मिटींगमधे ठरतं. तिथे तुम्ही नसाल तर दुसरं कुणीतरी ठरवेल, आणि पहिल्याच धुण्यात रंग गेला की ग्रुपवर परत लाल इमोजी.

४) प्रोसिडिंग, प्रोसिडिंग आणि प्रोसिडिंग

माझ्या मते सगळ्या समितीचा जीव या एका रजिस्टरमधे आहे. मिटींग महिन्यातून एकदा व्हायला पाहिजे. होते का? रजिस्टरमधे होते. दुपारी पोरगं दप्तरातून रजिस्टर घेऊन येतं, "सरांनी सही सांगितलीय", आई पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने सही करते, वर काय लिहिलंय ते बघतच नाही. कधी वर काहीच लिहिलेलं नसतं. ती सही म्हणजे ताई तुम्ही मिटींगला होतात, खर्च तुम्हाला मान्य होता, असं झालं.

तर नियम साधा ठेवा. कोऱ्या पानावर सही नाही. घरी आलेल्या रजिस्टरवर सही नाही. वाद घालायची गरज नाही, पोराला सांगा, "सरांना म्हणावं आई उद्या शाळेत येऊन करते." तेवढ्यानेच पुढच्या महिन्यापासून मिटींग व्हायला लागते, अनेकदा.

मिटींगमधे बोललेलं लिहून घ्यायचं आणि ते सुद्धा ठरावाच्या भाषेत. "पाण्याबाबत चर्चा झाली" या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. असं लिहा:

"ठराव क्र. ४ : मुलींच्या शौचालयात पाणी नसल्याने नळजोडणी मिळण्याबाबत मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीस आठ दिवसांत पत्र द्यावे व पुढील सभेत पत्राची पोच ठेवावी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

कोणी करायचं, किती दिवसांत, पुढच्या वेळी काय दाखवायचं, या तीन गोष्टी ठरावात आल्या पाहिजेत. मिटींग संपल्यावर त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. आणि पुढच्या मिटींगला पहिला विषय हाच, मागच्या ठरावांचं काय झालं.

५) शाळा डोळ्यांनी बघा

आरटीईच्या परिशिष्टात शाळेत काय काय पाहिजे ते लिहिलंय. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक. प्रत्येक शिक्षकाला एक खोली, मुलांमुलींना वेगळं शौचालय, पिण्याचं पाणी, कुंपण, मैदान, रॅम्प, वाचनालय. वर्षाला कामाचे दिवस पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२०.

पोषण आहाराच्या वेळेला जा. खिचडी मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसांनी चाखायची असते आणि चव रजिस्टरला नोंद करायची असते. पाचवीपर्यंत प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, वरच्या वर्गांना १५० ग्रॅम. बसा मुलांच्या पंगतीत, ताटात बघा, डाळ दिसते का नुसतं पिवळं पाणी. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मात्र धारेवर धरू नका, त्यांचं मानधन किती तुटपुंजं असतं आणि ते किती उशिरा येतं ते त्यांनाच विचारा, धान्य आणि डाळ कमी आलीय का तेही त्याच खरं सांगतील.

शिक्षकांबद्दल पण एक बोलून घेतो. दोन शिक्षकी शाळेतले सर पोर्टलवर माहिती भरून भरून थकलेले असतात. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिनशैक्षणिक काम देऊ नये असं कलम २७ म्हणतं, पण कामं येतातच. समितीने त्यावर ठराव केला तर शिक्षक तुमच्या बाजूने होतात. तपासणीला आलेल्या साहेबासारखे वागलात तर तेच दार बंद.

६) बातमी खरी का खोटी

"उद्या शाळांना सुट्टी", "२० पेक्षा कमी पटाच्या शाळा बंद" असले फॉरवर्ड रोज येतात. शासन निर्णय म्हणजे जीआर खरा असेल तर त्याच्यावर लांबलचक संकेतांक असतो आणि तो महाराष्ट्र शासनाच्या साईटवर शोधला की सापडतो. नाही सापडला तर पुढे पाठवू नका, बस.

खरी बातमी मात्र कंटाळवाण्या शब्दांत लपून येते, पटसंख्या, संचमान्यता, समायोजन. समायोजन म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवणं. संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं मंजूर ते, आणि ते पटावर आणि मुलांच्या आधार नोंदीवर ठरतं. एखाद्या मुलाचं आधार जुळलं नाही तर तो मोजणीत न धरला जाऊ शकतो आणि काठावरच्या शाळेचा एक शिक्षक जातो. म्हणून ऑगस्टमधेच समितीने यादी घेऊन बसायचं, कुणाचं आधार राहिलंय, आणि त्या घरी जायचं. मोर्चा काढण्यापेक्षा हे सोपं आहे आणि वेळेत होतं.

७) शाळेत काम झालं नाही तर वर कसं जायचं

पायऱ्या अशा, मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर लक्ष ठेवणारे), मग विस्तार अधिकारी, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक. शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. पायरी सोडून वर गेलात तर अर्ज फिरून खालीच येतो, वेळ जातो. अर्जाला ठरावाची प्रत जोडा, समितीचा ठराव असला की तो एका पालकाची कटकट राहत नाही. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला पाहिजे, त्यावर अपील बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

माहिती अडवली तर माहितीचा अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, १५० शब्दांत एकच विषय, ३० दिवसांत उत्तर. पण तो शेवटी वापरा. पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांना आरटीआय टाकला तर पुढची दोन वर्षं चहासुद्धा विचारणार नाहीत.

गावात ग्रामसभा विसरू नका. शाळेचं कुंपण, नळ, शौचालय दुरुस्ती याला पैसा ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातून निघू शकतो, पण आराखडा बनतानाच शाळेचा ठराव तिथे पोचला पाहिजे. आराखडा मंजूर झाल्यावर गेलात तर "पुढच्या वर्षी बघू".

मुलाला मारहाण किंवा त्याहून काही वाईट असेल तर मात्र यातली एकही पायरी चढत बसू नका, समितीची मिटींग वगैरे नंतर, सरळ १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन किंवा पोलिस.

आणि दोन वर्षं संपत आली की ठरावांचे फोटो, पत्रांच्या पोचा, हिशोबाच्या झेरॉक्स एका फाईलला लावून नव्या अध्यक्षांच्या हातात द्या, एक सेट स्वतःकडे ठेवा. मुख्याध्यापकांची बदली होते, नवीन येणारे म्हणतात मला काही माहीत नाही, त्यावेळी ठराव क्रमांक चार आणि त्याखालची सही दाखवता आली की काम परत पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.