स्पोर्ट मोडमध्ये हळू चालवताना गाडी गचके देते? आधी पाय तपासा, मग प्लग

गाडी ताकदीची, मोड स्पोर्टवर आणि समोर मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग. पेडलवर पाय नुसता टेकवला तरी गाडी पुढे उसळते, उचलला की नाक खाली घालून थबकते. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तक्रारीला जागा ठेवत नाही. मग माणूस वर्कशॉप गाठतो, स्कॅनरवर काही सापडत नाही, आणि 'या गाड्या अशाच असतात' हे ऐकून परत येतो. हे उत्तर बऱ्याचदा खरं असतं, पण नेहमी नाही. खरं-खोटं करायला महागडी हत्यारं लागत नाहीत, क्रम मात्र पाळावा लागतो. उलट्या क्रमाने गेलेले लोक धडधाकट पार्ट बदलत बसतात.

गचका येतो कुठून

आजच्या गाडीत ॲक्सिलरेटर पेडल आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) यांच्यामध्ये केबल नसते. पेडलखालचा सेन्सर 'पाय इतका दाबलाय' एवढंच इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि त्या दाबाचा अर्थ काय घ्यायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. स्पोर्ट मोड बदलतो तो मुख्यतः हा अर्थ. समजा कम्फर्टमध्ये, म्हणजे रोजच्या साध्या मोडमध्ये, २० टक्के पेडलला थ्रॉटल १५ टक्के उघडतो, तर स्पोर्टमध्ये तेवढ्याच पेडलला तो ३५ टक्के उघडेल. पेडल पूर्ण दाबलं की बहुतेक गाड्यांत दोन्ही मोड एकाच ठिकाणी पोचतात. म्हणजे जास्तीची ताकद सहसा मिळत नाही, आहे तीच पेडलच्या पहिल्या इंचभरात कोंबलेली असते.

त्यात कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) इंजिनाला हवा थोडीच लागते, त्यामुळे थ्रॉटल जरासा उघडला तरी त्या आरपीएमला मिळू शकणाऱ्या टॉर्कचा (फिरवण्याच्या ताकदीचा) मोठा वाटा येऊन जातो. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) असेल तर आधी क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम लोंढा. शिवाय स्पोर्टमध्ये गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतरच्या शेवटच्या गिअरजोडीचं) ४ धरलं, तर इंजिनाचा टॉर्क चाकापर्यंत जाताना १४ पट होतो. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१ धरलं तर साधारण साडेआठ पट. पायाची तीच चूक पहिल्या गिअरमध्ये किती मोठी होऊन चाकावर उतरते, ते या आकड्यांवरून दिसतं.

पाय पूर्ण उचलल्यावरही गोष्ट संपत नाही. गाडी गिअरमध्येच असताना तिचा वेग उतरू लागला की कॉम्प्युटर इंधन बंद करतो आणि पाय पुन्हा टेकला की चालू करतो. या बंद-चालूत गिअरचे दात, ॲक्सलचे जोड, इंजिन माउंटिंगचं रबर यांच्यातली बारीक मोकळीक एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला आपटते. तो 'टक्' आवाज आणि त्याबरोबरचा हिसका बहुतेकांनी अनुभवलेला असतो. कम्फर्ट मोडमध्ये कॉम्प्युटर हा बदल मुद्दाम सावकाश करतो, स्पोर्टमध्ये ती सवलत कमी होते.

पायरी पहिली: दोष गाडीचा की मोडचा

मोकळी, सपाट, रहदारी नसलेली जागा शोधा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कारण थंड इंजिन आणि थंड गिअरबॉक्स दोन्ही वेगळे वागतात. गिअर मॅन्युअलवर घेऊन दुसरा ठेवा आणि साधारण १५ ते ३० किलोमीटरच्या वेगात हळूहळू वेग वाढवा, कमी करा. आधी कम्फर्टमध्ये, मग त्याच जागी त्याच गिअरमध्ये स्पोर्टमध्ये. गिअर तोच ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर तुलना मोडची न होता गिअरची होते.

कम्फर्टमध्ये गाडी गुळगुळीत आणि स्पोर्टमध्येच गचके, तर बिघाड असण्याची शक्यता कमी. दोन्हींत गचके असतील तर सरळ शेवटच्या पायरीवर जा.

आता आणखी एक गोष्ट करा: पाय स्थिर ठेवून बघा. उजव्या पायाची बाजू मधल्या कन्सोलला टेकवा, पेडल एका जागी धरा आणि गाडी सारख्या वेगात चालू द्या. पाय हलत नसताना गाडी हिसके देत असेल, तर दोष पायाचा नाही. क्रूझ कंट्रोल जिथून लागतो त्या वेगाला खालच्या गिअरमध्ये तो लावूनही हेच तपासता येतं. क्रूझवर गाडी शांत आणि पायाखाली अस्वस्थ असेल, तर उत्तर मिळालंच.

पायरी दुसरी: सेटिंगने सुटतंय का

बऱ्याच परफॉर्मन्स गाड्यांत 'इंडिव्हिज्युअल' किंवा 'कस्टम' नावाचा मोड असतो आणि मालक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स कम्फर्टवर ठेवा. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि एक्झॉस्टचा आवाज हवा तर स्पोर्टवर. गाडीचा रुबाब राहतो आणि रांगेतली उसळी जाते. माझ्या मते ट्राफिक आणि पार्किंगसाठी एवढं पुरेसं आहे. तिथे स्पोर्ट मोडचा हट्ट कशासाठी, हे मला कधी कळलेलं नाही.

ऑटो होल्डही (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद करून बघा. काही गाड्यांत ब्रेक सुटायला किंचित उशीर होतो, तोवर पेडल जास्त दाबलं जातं, आणि सुटताक्षणी गाडी उडी मारते. पेडलला बाहेरून लावलेला 'थ्रॉटल बूस्टर' असेल तर तो काढा. तो स्पोर्ट मोडचीच करामत दुसऱ्यांदा करतो, म्हणजे पेडलच्या दाबाचा अर्थ ठरवणाऱ्या तिखट नकाशावर आणखी तिखट नकाशा. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप केलेला, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदललेलं असेल तर ज्याने केला त्याला सुरुवातीच्या पेडलचा भाग मवाळ करायला सांगा. चांगला ट्यूनर हे करू शकतो.

पायरी तिसरी: पाय

अडचण बहुतेकदा इथेच असते. नेमकं काय होतं ते पाहा. गाडी किंचित उसळते, तुमचं अंग सीटमध्ये मागे जातं आणि त्याबरोबर पायही पेडलवरून मागे येतो. इंधन तुटतं, गाडी थबकते, अंग पुढे येतं आणि पाय पुन्हा पेडलवर पडतो, पहिल्यापेक्षा जास्त. गाडी परत उसळते. एकदा हा झोपाळा सुरू झाला की चालवणाऱ्याला वाटतं गाडी वेडी झाली, पण प्रत्येक झोका त्याचाच पाय देत असतो.

तो तोडायचा तर पायाला टेका हवा. टाच जमिनीवर घट्ट टेकवा आणि पेडल घोट्यातून हलवा, गुडघ्यातून नाही. सीट इतकी मागे नको की टाच उचलल्याशिवाय पेडल गाठता येणार नाही. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. जाड तळव्याचे बूट असतील तर पातळ तळव्याचे घालून बघा, फरक पहिल्या वळणालाच कळतो. फ्लोअर मॅट सरकत असेल तर ती आधी बसवा. तो गचक्यापेक्षा सुरक्षेचा प्रश्न आहे.

मग पेडलचं काम दोन टप्प्यांत करा. आधी नुसता स्पर्श, ज्याने ड्राइव्हलाइनमधली (इंजिनापासून चाकापर्यंतच्या जोडांमधली) मोकळीक एका बाजूला बसते. गाडीने हलकेच 'पकड' घेतल्याचं जाणवलं की मग दाब वाढवा. सोडतानाही तसंच: वेग कमी करायचा असेल तर पाय झटक्यात न उचलता शेवटचा थोडा दाब ठेवून सोडा, म्हणजे इंधन एकदम तुटत नाही. आणि गचके सुरू झालेच तर पेडलशी झुंज घेऊ नका. पाय आहे तिथे गोठवा. गाडी दोन-तीन हेलकाव्यांत स्वतःच शांत होते.

पायरी चौथी: गिअरबॉक्सची समजूत

ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये (दोन क्लच आपोआप चालवणारा गिअरबॉक्स) जुन्या ऑटोमॅटिकसारखा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा जोड, नसतो. सरपटताना क्लच घसरत ठेवावा लागतो, आणि स्पोर्टमध्ये तो लवकर पकडतो. म्हणून इंच-इंच पुढे सरकू नका. पुढची गाडी थोडी लांब जाऊ द्या, मग ब्रेक सोडून गाडीला आपणहून सरकू द्या, आणि रेस द्यायचीच तर क्लच पूर्ण पकडेल इतपत द्या. वेग पुरेसा झाला की स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा गिअर घ्या. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर याच वेगाला क्लच किंचित दाबून हिसका गिळता येतो. मात्र अर्ध्या क्लचवर गाडी चालवायची सवय लावून घेऊ नका.

इलेक्ट्रिक गाडीत क्लचचा प्रश्नच नाही. तिथे रीजनरेशन (पाय उचलल्यावर मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरणं) एक पायरी कमी करून बघा.

पायरी पाचवी: खरा बिघाड शोधताना

पाय स्थिर असताना, कम्फर्टमध्येही गचके येत असतील तर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०० ते पुढचे काही कोड मिसिंगचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचे: प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी; बऱ्याचदा कुठेतरी हवा गळत असते किंवा एअर फ्लो सेन्सर मळलेला असतो. पी०२९९ असेल तर टर्बोचा दाब पुरा होत नाही, आधी होज आणि क्लिपा बघा. पी२१३५ आणि पी२१३८ हे थ्रॉटल आणि पेडलच्या जोडसेन्सरांचं एकमेकांशी न जुळणं सांगतात.

कोड नसला तरी लाइव्ह डेटा बघा. पेडलची टक्केवारी आणि थ्रॉटलची टक्केवारी शेजारी लावा. पेडलची रेघ सरळ आणि थ्रॉटल नाचतोय, तर थ्रॉटल बॉडी किंवा सेन्सर संशयित. पेडलची रेघच दातेरी असेल तर तिसऱ्या पायरीकडे परत या. पाय कन्सोलला टेकवूनही ती दातेरी राहिली तरच पेडल सेन्सर बघा. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर अनेक गाड्यांत तिचं अडॅप्टेशन (कॉम्प्युटरला तिची जागा नव्याने शिकवणं) स्कॅनरने पुन्हा करावं लागतं. ते न केल्यास साफसफाईनंतर गाडी आधीपेक्षा वाईट वागू शकते.

निघताना नेहमी थरथर येत असेल आणि वेगात ती नाहीशी होत असेल, तर क्लचकडे बघा. ड्युअल क्लचचंही अडॅप्टेशन असतं. ओल्या क्लचच्या (तेलात चालणाऱ्या क्लचच्या) काही गिअरबॉक्सना साधारण ६०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगितलेलं असतं. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. मोड कोणताही असो, 'टक्' आवाज वाढत चालला असेल तर इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग आणि ॲक्सलचे जोड तपासून घ्या.

वर्कशॉपमध्ये 'गाडी झटके देते' एवढंच सांगू नका. कोणता मोड, कोणता गिअर, किती आरपीएम, इंजिन गरम की थंड, पाय स्थिर होता की हलत होता, हे लिहून द्या. मेकॅनिकला शेजारी बसवून आधी तुम्ही चालवा, मग त्याला चालवू द्या.