'ड्रॅगन बॉल झी' आज बघायची तर कशी बघावी

'ड्रॅगन बॉल झी'सारखी जुनी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) आज बघवते का, या प्रश्नावर दोनच उत्तरं ऐकू येतात. लहानपणी कार्टून नेटवर्कवर बघितलेले म्हणतात, 'तिच्यासारखी दुसरी नाही', आणि आजची पोरं म्हणतात, 'दहा भाग नुसते किंचाळतात'. दोघंही खरं बोलतात, पण निम्मंच. अकिरा तोरियामांची गोष्ट आजही भक्कम आहे. जुनी झाली आहे ती तिच्यात घातलेली भर. ती भर नेमकी कुठे आहे हे कळलं की मालिका आजही धरून ठेवते. २९१ भाग पहिल्यापासून सलग लावा, असा सल्ला देणारे तुमचे दोन महिने वाया घालवतात.

आधी प्रत बघा

'झी' १९८९ ते १९९६ या काळात आली. चित्रण १६ मिमी फिल्मवर, चौकट ४:३ची. त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर प्रत योग्य आहे. अमेरिकेत २००७ पासून निघालेल्या डीव्हीडी संचांत पडदा भरावा म्हणून चित्र वरून-खालून कापलं होतं. ओळखायची खूण सोपी: नायक गोकू सरळ उभा असताना त्याच्या केसांची टोकं वारंवार चौकटीबाहेर जात असतील तर ती प्रत सोडा.

टीव्हीवर 'झूम' आणि 'मोशन स्मूदिंग' दोन्ही बंद करा. हाती काढलेल्या अ‍ॅनिमेत एकेक चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवलेलं असतं. टीव्ही मध्ये स्वतःची चित्रं घुसडतो आणि ठोसे लोण्यात मारल्यासारखे दिसतात. मग लोक म्हणतात, अ‍ॅनिमेशन जुनं झालं!

भाषा: आवाज जपानी, उपशीर्षकं जी सोयीची पडतील ती. जुन्या इंग्रजी डबिंगमध्ये संगीत बदललं आहे आणि मूळ शांतता जिथे होती तिथेही काहीतरी वाजत राहतं. १९९६च्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत तर मेलेली माणसं 'दुसऱ्या मितीत' जातात. नरकातल्या राक्षसांच्या शर्टावर इंग्रजीत 'हेल' लिहिलं होतं. 'ई' आणि पहिल्या 'एल'च्या खालच्या रेघा पुसून त्याचं 'एचएफआयएल' केलं. मजा म्हणून बघा, मालिकेचं मोजमाप त्यावरून करू नका.

सुरुवात 'झी'पासून नको

'झी' ज्या मालिकेचा पुढचा भाग आहे ती १९८६ची मूळ 'ड्रॅगन बॉल' आधी. पूर्ण १५३ भागांना वेळ नसेल तर १ ते २८, ८४ ते १२२ आणि १३३ ते १४८. मधलं रेड रिबन प्रकरण गाळलंत तर एवढं लक्षात ठेवा की त्या फौजेचा खातमा पोरसवदा गोकूने केला. पुढे 'झी'त सेल या खलनायकाच्या वेळी ते लागतं. म्हाताऱ्या गुरूचे मुलींवरचे विनोद आज ओशाळवाणे वाटतात, तेव्हाही काही फार शोभत नव्हते. घरातल्या लहानांना दाखवण्याआधी पहिले काही भाग स्वतः बघून घ्या.

सायान प्रकरण: झी १ ते ३५

१२ ते १७ गाळा. बाकी सगळं बघा.

नामेक: इथेच घोडं अडतं

मालिका सोडून देणारे बहुतेक जण ३६ ते १०७ या नामेक ग्रहावरच्या टप्प्यात गळतात. कारण समजून घ्या. मंगाचं, म्हणजे तोरियामांच्या मूळ चित्रकथेचं, प्रकरण दर आठवड्याला जेमतेम पंधरा पानांचं असायचं आणि अ‍ॅनिमे त्याच्या पाठीवर धावत होती. मंगाच्या पुढे जाता येत नाही आणि आठवडा चुकवता येत नाही, म्हणून एकेका पानाला पाणी घालून भाग भरायचे: डोळे वटारणं, मागचे उसासे, पृथ्वीवर बसून काळजी करणारी मंडळी, आणि सुरुवातीला मागच्या भागाची भलीमोठी उजळणी. त्यातून खलनायक फ्रीझा 'पाच मिनिटांत हा ग्रह फुटेल' म्हणतो आणि ती पाच मिनिटं दहाएक भाग चालतात. या विनोदात अतिशयोक्ती अजिबात नाही.

तरी नामेक गाळायचं नाही. पूर्वार्ध हा या मालिकेतला सर्वांत हुशारीने रचलेला भाग आहे. फ्रीझाची टोळी, गोकूचा वैरी एकटा व्हेजिटा आणि लपतछपत फिरणारे गोकूचा मुलगा गोहान व मित्र क्रिलिन हे तिन्ही गट इच्छा पुरवणाऱ्या त्याच ड्रॅगन बॉल मण्यांच्या मागे आहेत आणि कुणाकडेही पूर्ण माहिती नाही. ताकद कुणाची किती हे आकड्यांवरून कळतं आणि नेमके तेच आकडे फसवतात. गोकू तर बराच काळ तिथे पोचलेलाच नसतो. हे संथपणे बघण्यातच मजा आहे.

माझी पद्धत अशी. ३९ ते ४२ बिनदिक्कत सोडा. खोटं नामेक हा निव्वळ भरणा आहे. फ्रीझाचा सरदार गिन्यू बेडकाच्या देहात अडकेपर्यंत 'झी' बघा. तिथून फ्रीझाच्या अंतापर्यंत 'काई' ही 'झी'ची आटोपशीर आवृत्ती लावा. २००९ मध्ये 'झी'च्या विसाव्या वर्षानिमित्त तोएई कंपनीने मूळ फिल्मच कापून, भर काढून 'काई' बनवली. 'झी'चे पहिले १०७ भाग तिथे ५४ मध्ये बसतात, एवढ्यावरून पाणी किती होतं ते समजा.

मग सगळीच 'काई' का नको? कारण कात्री चालवताना श्वासही कापला गेला आहे. काही चौकटी संगणकावर पुन्हा गिरवल्या आहेत, त्यांची रेघ निर्जीव आणि जाड, शेजारच्या जुन्या चित्रात ठिगळासारखी दिसते. आवाजही नव्याने ध्वनिमुद्रित आहेत. म्हणून बदल लढाईच्या मध्यात कधीच करू नका, एक टप्पा संपला की करा.

अपवाद एकच: 'काई'तून फ्रीझाची लढाई संपली की 'झी'चा ९५वा भाग वेगळा काढून बघा. क्रिलिनला मारल्यानंतर गोकू लगेच ओरडत नाही. दगड जमिनीवरून उचलले जातात, वीज पडते, केस क्षणभर सोनेरी होतात आणि पुन्हा काळे, परत सोनेरी, परत काळे. शुन्सुके किकुचींचं संगीत त्या उशिराला अर्थ देतं. ९५व्या भागापुरता हा संथपणा दोष नाही, आणि ते कळण्यासाठी आधी बाकीच्या ठिकाणचा संथपणा काढून टाकलेला असावा लागतो.

दीडपट वेगाने बघू नका. अनेकजण हाच उपाय सुचवतात आणि तो सर्वांत वाईट आहे. वेग वाढवल्याने भर कमी होत नाही, फक्त गोकूला आवाज देणाऱ्या मासाको नोझावांचा आवाज चिरका होतो. त्याऐवजी शीर्षकगीत आणि उजळणी पुढे सरकवा आणि दिवसाला दोन-तीनच भाग बघा. ही मालिका आठवड्याला एक भाग या हिशेबाने बनली आहे. सलग आठ भाग लावले की त्याच त्या किंचाळ्या दुप्पट जाणवतात.

पुढचं सोपं आहे

१०८ ते ११७ गाळा. ११८ पासून पुन्हा 'झी'. १२५वा भाग मंगात नाही, तरी बघा: गोकू आणि त्याचा एकेकाळचा शत्रू पिकोलो गाडी चालवायचा परवाना काढायला जातात, आणि तोंड पाडून स्टिअरिंगवर बसलेला पिकोलो चुकवण्यासारखा नाही. सेलच्या लढाईत १८४ आणि १८५ एकाच बैठकीत बघा.

१९५ ते १९९ पुन्हा गाळा. शेवटचा खलनायक बू याचं प्रकरण २०० पासून सुरू होतं आणि इथे 'काई' घेऊ नका. त्या भागांवर हिरवट छटा आहे आणि काटछाटही फारशी नाही. पहिल्या दहा भागांतला शाळेतला विनोद आज अपेक्षेपेक्षा ताजा वाटतो. व्हेजिटासाठी २३७वा भाग. मात्र बुल्मा, चीची आणि व्हिडेल या स्त्री पात्रांना गोष्ट जसजशी बाजूला सारते ते खटकतं, आणि मिस्टर पोपोचं रूप आजच्या नजरेला सरळसरळ वर्णद्वेषी दिसतं. जुनी मालिका म्हणून ते झाकायचं कारण नाही.

२९१ ला थांबा. 'झी'नंतरची 'जीटी' ही मालिका मंगावर आधारित नाही आणि या गोष्टीला तिची गरजही नाही. आणखी हवंसं वाटलं तर १९८६च्या मालिकेतले रेड रिबनचे गाळलेले भाग आता बघा. गोकूची नंतरची ताकद माहीत असताना ते अधिक रंगतात.