धुक्याने फिकट झालेले फोटो असे सावरले

पावसाळ्यात राजगडावरून सुवेळा माचीचे फोटो काढले. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तर सगळे राखाडी. धुकं सावल्या उजळवतं, त्यामुळे फोटोत खरा काळा रंग उरतच नाही. कॉन्ट्रास्टची नुसती पट्टी सरकवली की कातळ गडद होतो खरा, पण ढगांचा पोत पुसला जातो, आणि मला तर ढगच हवे होते.

म्हणून गिंप या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल्स' हे उजेड जुळवायचं साधन उघडलं. फोटोत कुठला उजेड किती आहे हे तिथला आलेख दाखवतो; त्यात 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. माझा अख्खा डोंगर साधारण 90 ते 210 मध्ये दाटला होता. डावा त्रिकोण आलेखाच्या सुरुवातीपाशी आणला, उजवा मात्र टोकाच्या थोडा बाहेरच ठेवला. फोटोत लगेच जीव आला. मग 'कर्व्ह्ज'मध्ये, म्हणजे उजेडाची रेषा वाकवायच्या साधनात, सावल्या किंचित खाली ओढल्या, मधला भाग उचलला, ढगांच्या टोकाला हात लावला नाही.

यात हिरवा रंग भडक झाला. उपाय सोपा आहे: आधी लेयरची (फोटोच्या थराची) प्रत करायची, बदल प्रतीवर करायचे आणि तिचा मोड (खालच्या थरात मिसळायची पद्धत) 'ल्युमिनन्स' ठेवायचा. उजेड बदलतो, रंग बराचसा मूळचा राहतो.

एका फोटोत आकाशावर पट्टे उमटले. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात; त्यातल्या निम्म्या ताणल्या की मध्ये फटी पडतात. 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या सेन्सरची मूळ नोंद) 16,384 असतात. तो फोटो रॉवरून पुन्हा केला, पट्टे गेले.