डबा बदलण्याआधी : वरचं दूध पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत या चुका टाळा

दादर असो की बोरिवली, मेडिकलच्या काउंटरवर हा संवाद कधी ना कधी कानावर पडतोच. "ह्या दुधाने बाळाला गॅस होतोय, दुसरं कुठलं चांगलं आहे?" दुकानदार मागच्या फळीवरून एक डबा काढतो, "हा खूप जातो" म्हणतो, आणि बाबा पैसे मोजून घरी जातात. आठवड्याने पुन्हा तेच. माझं स्पष्ट मत आहे की यातले बरेच डबे विनाकारण बदलले जातात. त्रास दुधात नसतो. तो मापात, निपलमध्ये, पाजण्याच्या पद्धतीत किंवा आपल्या घाईत असतो. आणि जिथे तो खरोखरच दुधात असतो, तिथे 'चांगला' डबा उपयोगाचा नसतो, ठरावीक प्रकारचाच लागतो, आणि तो बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचा असतो.

कंपन्यांची नावं इथे मुद्दाम घेत नाही. आपल्याकडे १९९२ पासून कायदाच आहे : दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायचं नाही. कायदा चांगला आहे. फक्त जाहिरातीची रिकामी जागा आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने भरून काढली आहे. एक गोष्ट लक्षात घ्या : सहा महिन्यांखालच्या बाळाच्या कुठल्याही साध्या डब्यात प्रथिनं, स्निग्धांश, लोह, जीवनसत्त्वं किती असावीत याचे सरकारी निकष ठरलेले आहेत. महाग डब्यात डीएचए (एक प्रकारचा स्निग्धांश) किंवा प्रोबायोटिक्स (पोटाला उपयोगी जंतू) असतील, पण त्याने रडणं थांबेल अशी खात्री कुणी देऊ नये.

गुळणीला उलटी समजणं

दूध प्यायल्यावर ओठांच्या कडेने चमचाभर दूध बाहेर येणं, कधी ते दह्यासारखं फुटलेलं असणं, याला आपण गुळणी म्हणतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप अजून सैल असते, म्हणून हे होतं. चौथ्या महिन्याच्या आसपास त्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि वर्षाचं होईतो बहुतेकांचं थांबतं. बाळ हसतंय, वजन वाढतंय, तर त्रास बाळाला नाही, तुमच्या खांद्यावरच्या ओढणीला आहे.

संध्याकाळच्या रडारडीचंही असंच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती सुरू होते, सहाव्या आठवड्यात कळस गाठते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप निवळते. मग त्या आठवड्यात जो डबा हातात असतो तो 'आमच्या बाळाला मानवला' म्हणून साऱ्या नातेवाइकांत फिरतो!

गुळण्या फार होत असतील तर आधी दूध किती जातंय ते बघा. नवजात काळाचे सुरुवातीचे दिवस सोडले तर पहिल्या काही महिन्यांत दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिली हा ढोबळ हिशोब. म्हणजे चार किलोच्या बाळाला चोवीस तासांत सुमारे ६०० मिली. पावडर महाग, वाया जायला नको, म्हणून तोंड फिरवलेल्या बाळाला बाटली संपवायला लावली की जास्तीचं दूध बाहेर येणारच. बाळाने तोंड फिरवलं, हात सैल सोडले, की पुरे.

माप : सगळ्यात जास्त गोंधळ इथे

माझ्या भाचीकडे कांदिवलीला गेले होते. बाळ दोन महिन्यांचं, शी घट्ट, कुंथून लाल व्हायचं, आणि बाटली दिली की तहानलेल्यासारखं ओढायचं. दूध बदलून झालं होतं, फरक शून्य. ती ओट्याशी बाटली बनवत होती तेव्हा माझं लक्ष चमच्याकडे गेलं.

"अगं, हा चमचा ह्याच डब्यातला ना?"

"नाही मावशी, आधीच्या डब्यातला. नवा खाली पावडरीत गेला होता. म्हटलं, सगळे सारखेच."

नवा चमचा शोधून काढला, दोन्ही भरून सुरीच्या पाठीने सपाट केले आणि वर्तमानपत्रावर शेजारी-शेजारी उपडे केले. जुन्याचा ढीग नजरेला कळेल इतका मोठा होता. म्हणजे इतके दिवस बाळ गरजेपेक्षा घट्ट दूध पीत होतं. माप सुधारलं, शी मऊ झाली. डबा तोच राहिला.

प्रत्येक डब्याचं माप त्याच्या चमच्यावर बेतलेलं असतं. आपल्याकडे बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं असतं, पण सगळ्यांवर नाही. डबा बदलला की तक्ता नव्याने वाचा. आधी पाणी मोजायचं, मग पावडर घालायची. पावडर आधी घालून वरून खुणेपर्यंत पाणी ओतलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. चमचा दाबून भरायचा नाही, शीगही ठेवायची नाही.

घरातल्या मोठ्या माणसांशी इथे थोडा वाद होतो, तो घालावाच लागतो. 'पातळ दे, पचायला हलकं' हे सल्ले प्रेमापोटी येतात, पण पातळ दुधाने बाळाचं पोट भरल्यासारखं वाटतं आणि पोषण मिळत नाही. फारच पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. उलट, 'रात्री एक चमचा जास्त घाल, झोपेल' याने बद्धकोष्ठ होतं आणि शरीरातलं पाणी कमी होतं. बाटलीत तांदळाची पेज, रवा किंवा बिस्कीट घालणं तर नकोच. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी, बाळगुटी, जायफळ यांतलंही काही नको, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. जुलैत हवा इतकी दमट असते की उघड्या डब्यातली पावडर गोळा होते आणि गुठळ्यांचा चमचा खरं माप देत नाही. डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ओल आणखी धरते. ओला चमचा आत टाकू नका. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि डब्यावर दिलेल्या मुदतीत, बहुतेकदा तीन-चार आठवड्यांत, संपवा. म्हणूनच सुरुवातीला मोठा पॅक घेण्यात शहाणपण नाही.

निपलचं भोक मोठं करणं

गरम सुईने भोक वाढवायची पद्धत अजूनही चालते. त्याने दूध धो-धो येतं, बाळ घटाघट गिळतं, हवा पोटात जाते, ठसका लागतो आणि दोष दुधाला मिळतो. बाटली उलटी केल्यावर थेंब-थेंब पडायला हवं, धार नको. बाळाला निजवून पाजू नका. डोकं वर, बाटली जवळजवळ आडवी, मधेमधे थांबा, नंतर खांद्यावर धरून ढेकर काढा. लहान बाळाला वाटी-चमच्याने किंवा आजीच्या काळातल्या बोंडल्याने पाजणंही उत्तम. ते धुणं-उकळणं सोपं, आणि बाटलीची सवय न लागल्याने बाळ अंगावर घ्यायला कुरकुरत नाही.

बाळ ओढतच नसेल तर वेगळा विचार करावा लागतो. जीभ खाली बांधल्यासारखी असणं, टाळू फाटलेली असणं, बाळ दिवस भरायच्या आत जन्मलेलं असणं, यांतलं काहीही असू शकतं. दूध पिताना कपाळावर घाम येतो, धाप लागते, दोन घोटांनी थकतं, अशा बाळाचं हृदय तपासायला हवं. तिथे कुठलाही डबा कामाचा नाही.

लॅक्टोज आणि ॲलर्जी यांची गल्लत

ही गल्लत सर्वांत महागात पडते, म्हणून जरा थांबून वाचा. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती न पचण्याचा जन्मजात प्रकार अत्यंत दुर्मीळ. तान्ह्या बाळांत तो बहुतेकदा जुलाबानंतर येतो : पावसाळ्यात गॅस्ट्रो होतो, आतड्याचं अस्तर सोलवटतं, साखर पचवणारं एन्झाइम काही दिवस कमी पडतं, शी पाण्यासारखी, फेसाळ, आंबूस होते आणि ढुंगण लाल होतं. अशा वेळी डॉक्टर काही आठवडे लॅक्टोज नसलेलं दूध देतात आणि मग नेहमीच्या दुधावर परत आणतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचं स्तनपान मात्र चालूच ठेवायचं असतं. नुसता 'गॅस' म्हणून लॅक्टोजमुक्त डबा महिनोन्‌महिने चालवायचा नसतो.

ॲलर्जी असते दुधातल्या प्रथिनाची. शंभरातल्या दोन-तीन बाळांत ती आढळते. शीमध्ये रक्ताचे धागे किंवा शेंब, सतत उलट्या, न जाणारा इसब, वजन न वाढणं अशी तिची लक्षणं. आता नीट बघा : लॅक्टोजमुक्त डब्यात साखर काढलेली असते, गाईच्या दुधाचं प्रथिन तसंच असतं. म्हणजे ॲलर्जीच्या बाळाला तो देऊन फायदा नाही. शेळीचं किंवा म्हशीचं दूधही पर्याय नाही, कारण त्यांची प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी फारच मिळतीजुळती असतात. 'पचायला सोपं', अर्धवट तोडलेल्या प्रथिनाचं म्हणून जे विकतात तेही इथे चालत नाही. लागतं ते पूर्ण तोडलेल्या प्रथिनाचं, म्हणजे एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड दूध. आणि त्रास तीव्र असेल तर अमिनो ॲसिडचं. सोयाचं दूध सहा महिन्यांखालच्या बाळाला सहसा पहिली निवड नसते, शिवाय काही बाळांना तेही सोसत नाही. घरी दळलेलं सोया किंवा बदामाचं दूध तर मुळीच नाही.

हे खास डबे साध्यापेक्षा कितीतरी महाग असतात, आणि त्यांना वास येतो, चव कडसर लागते. तीन-चार महिन्यांखालचं बाळ सहसा पिऊन टाकतं. मोठं तोंड वेडंवाकडं करतं. डॉक्टरांना विचारून जुन्या दुधात थोडं-थोडं मिसळत नेता येतं. शी हिरवट झाली तर घाबरू नका, या दुधाने ती होतेच.

मग पुढची चूक : चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणं. ॲलर्जीच्या दुधाला दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. आणि फरक पडला तरी काम संपलेलं नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली जुनं दूध पुन्हा देऊन बघितल्याशिवाय ॲलर्जी पक्की होत नाही. ही पायरी बरेचजण भीतीपोटी गाळतात आणि बाळ वर्षभर नको त्या महाग दुधावर राहतं. ज्यांना दूध प्यायल्याबरोबर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला होता, त्यांनी हा प्रयोग घरी करायचा नाही, हॉस्पिटलमध्येच.

गुळण्यांसाठी घट्टसर केलेलं दूधही मिळतं. वजन न वाढणाऱ्या, फार गुळण्या टाकणाऱ्या बाळाला डॉक्टर देतात. कमी दिवसांच्या बाळाला ते स्वतःहून देऊ नका. कमी वजनाच्या बाळांचं दूध वेगळं, तेही मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही. डब्यावरचे १, २, ३ हे वयाचे टप्पे आहेत, ताकदीचे नव्हेत. तीन महिन्यांच्या बाळाला '२ नंबर' दिल्याने ते लवकर बाळसं धरत नाही. आणि तबेल्यातलं किंवा पिशवीतलं दूध पाणी-साखर घालून मुख्य आहार म्हणून वर्षाच्या आत नको. त्यात लोह फार कमी असतं.

पाणी आणि प्रवास

प्यूरिफायरचं पाणीही उकळा. सोसायटीच्या टाक्या कधी धुतल्या होत्या ते सेक्रेटरीलाच ठाऊक. शिवाय दुधाची पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांहून कमी नसलेल्या पाण्यात ती कालवायला सांगते : पाणी उकळलं की अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, मग बंद बाटली नळाखाली धरून दूध कोमट करायचं. दोन महिन्यांखालच्या आणि अशक्त बाळांसाठी हे विशेष महत्त्वाचं. प्रोबायोटिक असलेल्या डब्यावर कोमट पाणी लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारा.

कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं, उष्टं उरलेलं टाकायचं. कल्याणहून परळच्या ओपीडीला निघताना बाटली भरून नेऊ नका. गाडी, रांग, नंबर यांत दोन तास कुठे जातात कळत नाही. चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर न्या.

अंगावरचं बंद करून टाकणं

वरचं दूध सुरू झालं म्हणजे अंगावरचं संपलं असं नाही. दोन्ही चालू शकतं, आणि जेवढं बाळ ओढेल तेवढं दूध येत राहतं. आधी बाळाची पकड, म्हणजे ते स्तन तोंडात कसं धरतं, ते स्तनपान सल्लागाराला दाखवा. ॲलर्जीचा संशय असला तरी बऱ्याचदा आईने डॉक्टरांच्या सल्ल्याने दूधदुभतं सोडून बघणं पुरतं. शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. तिथलं दूध वॉर्डातल्या नाजूक बाळांसाठी असतं, घरी न्यायला नाही. पण कमी दिवसांचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर डबा उघडण्याआधी पेढीच्या दुधाबद्दल जरूर विचारा.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन

हिरवी उलटी झाली तर त्याच रात्री हॉस्पिटल. पहिल्या दोन महिन्यांत दर वेळी कारंज्यासारखी उलटी, शीमध्ये रक्त, दिवसाला लघवी सहापेक्षा कमी वेळा, बाळ मलूल, यांतलं काही दिसलं तर थांबायचं नाही. दोन आठवड्यांनंतरही कावीळ आणि शी पांढुरकी असेल तर लगेच दाखवा. पित्तनलिकेचा आजार निघाला तर शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झालेली बरी. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वजन वाढायला हवं, म्हणून त्याच त्या काट्यावर दर आठवड्याला वजन घ्या.

जाताना डबा, त्यातला चमचा, रोजची बाटली आणि निपल पिशवीत घाला. शीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, लाजू नका. आतापर्यंत कुठकुठली दुधं दिली, प्रत्येक किती दिवस, हे कागदावर लिहून न्या, आणि जमलं तर दवाखान्यातच एक बाटली बनवून डॉक्टरांसमोर पाजून दाखवा.