भुलीची धोकादायक रिअॅक्शन: टेस्टला जायच्या आधीची तयारी

घरात कुणाला पूर्ण भूल दिल्यावर अचानक अंग ताठ झालं, जबडा आवळला, ताप भराभर चढला, लघवी काळपट झाली किंवा कुणी टेबलावरच गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायचंच, मग कितीही जुनं असो. याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात आणि १९६० साली मेलबर्नमधे हे लक्षात आलं तेच मुळी पाय मोडून आलेल्या एका तरुणाने सांगितलं म्हणून, की आमच्या नात्यातले दहा जण भुलीमुळे गेलेत. म्हणून पहिलं काम, आत्या-मामा-काका सगळ्यांना फोन करा, ऑपरेशन कुठलं होतं, काय झालं ते लिहून घ्या, आणि मिळाला तर भूल दिल्याचा जुना कागद शोधा, त्यात सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन, हॅलोथेन किंवा सक्सिनिलकोलीन लिहिलंय का बघा, ही रिअॅक्शन अशाच औषधांनी येते.

माझं आधी ऑपरेशन झालंय, काही झालं नाही, असं म्हणून सोडू नका, आधी दोनतीनदा भूल नीट पचलेल्यालाही पुढच्या वेळी रिअॅक्शन येऊ शकते.

मग टेस्ट. रक्तातून जीन तपासतात, मुख्यतः आरवायआर१. नातेवाईकाचा रिपोर्ट असेल तर सोबत न्याच, कारण नेमकं काय शोधायचं ते त्यावरून कळतं. पण प्लीज हे लक्षात ठेवा, जीन रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं नाही! खात्री करायची तर मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून त्यावर कॅफीन आणि हॅलोथेन टाकून तो किती आकसतो ते बघतात, आणि तुकडा ताजाच लागतो, काही तासांतच तपासावा लागतो, कुरिअरने पाठवून चालत नाही, त्यामुळे त्या सेंटरला स्वतः जावं लागतं आणि अशी सेंटर्स मोजकीच आहेत. लहान मुलांचं सहसा करत नाहीत, वय-वजन आधी विचारा. चालू औषधांची यादी, सोबतीला माणूस, सैल पँट, आणि नंतर काही दिवस पाय दुखणार हे धरून सुट्टी.

निकाल येईपर्यंत धोका आहे असंच धरून चाला. मधेच ऑपरेशन निघालं तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा, प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) किंवा जागा बधिर करून काम होतं, आणि डॅन्ट्रोलीन, म्हणजे या रिअॅक्शनवरचं औषध, हाताशी आहे का हे न लाजता विचारा. पॉझिटिव्ह आलं तर भावंडं आणि मुलं, प्रत्येकाला निम्मी शक्यता असते, त्यांना त्याच दिवशी कळवा.